ब्राम्सच्या सिम्फनी ऐकताना धागा सुटतो, त्यावर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अनेक वर्षं ख्यालगायन ऐकणाऱ्या एका श्रोत्याने एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स याच्या चारही सिम्फनी (वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचना) पहिलीपासून ओळीने ऐकल्या. मधूनमधून सुंदर जागा येतात, पण दहा मिनिटांनी आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं आणि लक्ष उडतं. सुरुवात कुठून करावी, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकावं लागेल का आणि रेकॉर्डिंग कोणतं घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ही अडचण कानाची नाही, आवडीचीही नाही. ती लक्षात ठेवण्याची आहे. ख्यालात मुखडा दर आवर्तनाला भेटतो, तानपुरा षड्ज सोडत नाही. थोडं लक्ष भरकटलं तरी समेवर आपण परत गाण्यात असतो. ब्राम्स हे दोन्ही आधार देत नाही. मुख्य सुरावट तो पहिल्या अर्ध्या मिनिटात एकदा सांगतो आणि सात-आठ मिनिटांनी ती परत आणतो, तीही बहुतेक वेळा वेष पालटून. मधल्या काळात ती तुम्हाला पाठ आहे असं तो गृहीत धरतो. त्याच्या काळात ते फारसं चूक नव्हतं. सिम्फनीची पियानोवर दोघांनी मिळून वाजवायची आवृत्ती छापून येई आणि हौशी घरांतून ती वाजवली जाई, त्यामुळे मैफलीला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या बोटांत ते सूर आधीच बसलेले असत. तुम्हाला तेवढीच तयारी वेगळ्या वाटेने करून घ्यायची आहे.

किती वेळ लागेल, हे माणसागणिक बदलतं. तुम्हाला ऐकलेली ओळ सरगममध्ये ओळखता येत असेल तर निम्मं काम झालेलं आहे. स्वरज्ञान नसेल तरी चालतं, फक्त प्रत्येक सुरावट दोन-तीनदा जास्त ऐकावी लागेल. मात्र स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना ऐकण्याची सवय असेल, तर खाली लिहिलेलं फारसं लागू पडणार नाही. ब्राम्सच्या अर्ध्या गोष्टी हळू आवाजात घडतात आणि कुकरच्या शिट्टीत त्या जातात.

आता क्रम. पहिल्या सिम्फनीने सुरुवात करू नका. क्रमांक एक म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि चौघांतली सगळ्यात घट्ट विणीची रचना समोर येते. ती 1876 मध्ये पुरी झाली तेव्हा ब्राम्स 43 वर्षांचा होता आणि तिच्या पहिल्या भागाचा मसुदा 1862 मध्येच तयार होता. इतकी वर्षं घासूनपुसून केलेल्या संगीतात मोकळी जागा कमी असते. मी श्रवणवर्गात नव्या श्रोत्यांना आधी चौथ्या सिम्फनीचा शेवटचा भाग ऐकवतो. ख्याल ऐकणाऱ्यांना तर नक्कीच तोच, कारण त्यात आवर्तन आहे.

चौथी सिम्फनी ई मायनरमध्ये आहे, म्हणजे ई हा षड्ज आणि गंधार कोमल (मेजरमध्ये तो शुद्ध). ओपस (प्रकाशित रचनेचा क्रमांक) 98, पहिला प्रयोग 25 ऑक्टोबर 1885 रोजी माइनिंगेन इथे, स्वतः ब्राम्सच्या दिग्दर्शनाखाली. तिचा चौथा भाग साधारण दहा मिनिटांचा आहे आणि तो पूर्णपणे आठ मापांच्या (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा गट, बार) एका ओळीवर उभा आहे. मूळ कल्पना ब्राम्सच्या आधीच्या काळातला संगीतकार बाख याच्या 150 व्या कँटाटाच्या (गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेच्या) शेवटच्या समूहगानातली, ब्राम्सने तिच्यात एक सूर वाढवून घेतला. ई हा षड्ज मानला तर ओळ अशी: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, मग खालचा प, आणि सा. दर मापाला एकच सूर. सुरुवातीला फुंकवाद्यं ती एकेक दगड ठेवावा तशी ठेवतात. याआधीच्या तीन भागांत तोंडातून सूरही न काढलेले ट्रॉम्बोन इथे पहिल्यांदा वाजतात.

ही ओळ एकूण 31 वेळा येते, एकदा मूळ रूपात आणि मग 30 बदलांत. शेवटी कोडा, म्हणजे उपसंहार. मापात तीन मात्रा, मापं आठ, म्हणजे 24 मात्रांचं आवर्तन झालं. पहिल्यांदा ऐकताना फक्त आवर्तनं मोजा, बाकी काही करू नका. पहिली तीन सोपी जातात, कारण ओळ वरच कुठेतरी ऐकू येत असते. मूळ ओळीनंतरच्या चौथ्या बदलात ती खाली जाते: डबल बास आणि चेलो तिला धरतात आणि वर व्हायोलिन वेगळंच काही गाऊ लागतात. बहुतेकांची मोजणी इथेच सुटते, कारण कान व्हायोलिनच्या मागे जातो. सुटली की मागे जा आणि या वेळी मुद्दाम खालच्या सुरांवर कान ठेवा. सोलो तबल्यात लेहरा ऐकण्याची सवय असेल तर काय करायचं ते तुम्हाला लगेच उमगेल: चमत्कार वर चाललेला असतो आणि हिशेब खाली.

अडीच-तीन मिनिटांनी सगळा आरडाओरडा ओसरतो आणि एकटा फ्लूट गाऊ लागतो. हा बारावा बदल. इथे मात्रेची लय तीच राहते, पण मापात तीनऐवजी सहा मात्रा येतात, म्हणजे आवर्तन 24 वरून 48 मात्रांचं होतं. चार बदल असेच दुपटीने लांब चालतात आणि त्यातले शेवटचे तीन मेजरमध्ये आहेत, पैकी दोनांत ट्रॉम्बोन अगदी हळू, प्रार्थनेसारखे वाजतात. लय तीच असताना संगीत थांबल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर त्या 48 मात्रांत आहे. मग सोळाव्या बदलाला फुंकवाद्यं मूळ ओळ पुन्हा मूळ रूपात आणतात आणि व्हायोलिन वरून कोसळतात. त्यानंतर विसावा नाही. चोविसाव्या बदलापासून पहिल्या तीन बदलांच्या खुणा जास्त आक्रमक होऊन परततात. शेवटच्या दोन बदलांत सूर तिसऱ्या-तिसऱ्या स्वरावर उतरत जातात. ते नीट ऐकून ठेवा, कारण त्यांचा उगम या सिम्फनीच्या अगदी पहिल्या मापांत आहे.

या एका भागाला आठवडा द्या. रोज एकदा ऐकलं तरी पुरे. एक ओळ धरून ठेवायची आणि तिच्यावर काय काय रचलं जातं ते ऐकायचं, एवढी सवय लागली की पुढची वाट सोपी होते.

दुसरा टप्पा छोटा आहे: तिसऱ्या सिम्फनीचा तिसरा भाग, सहा मिनिटांचा, सी मायनरमध्ये. चेलो एक गाणं सुरू करतात, ते व्हायोलिनकडे जातं, मधे वेगळा मजकूर येतो आणि तेच गाणं हॉर्नवर परततं. एवढंच. इथे शिकायचं ते हे की सूर तेच असले तरी वाद्य बदललं की वाक्याचा अर्थ बदलतो. चेलो तार सप्तकाकडे चढताना आवाजावर येणारा ताण आणि हॉर्नची दुरून आल्यासारखी गोलाई यांतला फरक पाठ करून घ्या. ब्राम्समध्ये महत्त्वाचं बोलणं अनेकदा चेलो, व्हिओला, क्लॅरिनेट आणि हॉर्न या मधल्या आवाजांकडे असतं. वरच्या व्हायोलिनवरच कान ठेवणाऱ्याचा निम्मा मजकूर जातो.

आता चौथ्या सिम्फनीच्या पहिल्या भागावर या. इथे मी एक नियम पाळायला सांगतो: पहिलं अर्धं मिनिट गुणगुणता येईपर्यंत पुढे जायचं नाही. व्हायोलिनची ती ओळ दोन-दोन सुरांच्या जोड्यांत आहे. ई ला षड्ज धरून: प–ग, सा–ध, म–रे, नि–प. यात ग आणि ध कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे किरवाणीचे सूर. अर्थात हा राग नाही आणि तुम्ही चलन शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण सरगम लिहून पाहिली की एक गोष्ट दिसते: प्रत्येक पुढचा सूर आधीच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे, फक्त दर दुसऱ्या वेळी तो खाली न जाता वरच्या सप्तकात घेतला आहे. तीच उतरण शेवटच्या भागातल्या त्या दोन बदलांत येते. चाळीस मिनिटांच्या दोन टोकांना एकच गोष्ट बांधलेली आहे. ती ऐकू आली की ब्राम्स तुम्हाला कायमचा कळू लागला असं समजायला हरकत नाही.

सोनाटा फॉर्म हा शब्द रेकॉर्डिंगच्या पुस्तिकेत वाचून घाबरू नका. आधी मजकुराची मांडणी, मग त्याची मोडतोड आणि मग पुनर्मांडणी, इतकं माहीत असलं तरी पुरतं. खरी अडचण अशी की या तीन टप्प्यांच्या सीमा ब्राम्स मुद्दाम पुसतो. त्या काळच्या प्रथेप्रमाणे मांडणी एकदा पूर्ण परत वाजवायची असे आणि पहिल्या तिन्ही सिम्फनींच्या पहिल्या भागात तशी खूण आहे. चौथीत ती नाही. पण मांडणी संपल्यावर साधारण चौथ्या-पाचव्या मिनिटाला ती प–ग, सा–ध ओळ जशीच्या तशी परत येते आणि वाटतं की आता सगळं पुन्हा वाजणार. थोड्याच मापांत संगीत वळण घेतं आणि आपण मोडतोडीच्या टप्प्यात शिरलेलो असतो. पुढे पुनर्मांडणीची जागा येते तेव्हा उलटा डाव: तीच ओळ अत्यंत हळू, कितीतरी लांबवलेल्या सुरांत फुंकवाद्यांवर येते, प्रत्येक तुकड्यानंतर तंतुवाद्यं धुक्यासारखी सरकतात. ओळ पाठ नसेल तर ही जागा नुसती शांत विश्रांती वाटते आणि सम हुकते. पाठ असेल तर अंगावर काटा येतो. धागा नेमका कुठे आणि का सुटतो, असं मला विचारलं तर मी या दोन जागा दाखवतो.

याच सिम्फनीच्या दुसऱ्या भागाचा आरंभ भारतीय कानाला लगेच धरतो. हॉर्न ई च्या आसपास फिरतात आणि रे, ग, ध, नि चारही कोमल लागतात, भैरवीचे सूर. मग क्लॅरिनेटवर शुद्ध गंधार येतो आणि उजेड पडल्यासारखं होतं. तिसरा भाग सहा मिनिटांचा, रांगडा, ट्रँगलसकट. तो आपला आपण कळतो.

लय ही तालात मुरलेल्या श्रोत्याची वेगळी डोकेदुखी आहे. सहा मात्रांचे कधी तीन-तीन करायचे तर कधी दोन-दोन-दोन, ही ब्राम्सची आवडती खोड. दुसऱ्या सिम्फनीच्या पहिल्या भागात तीन मात्रांची दोन मापं जोडून तो त्यांचे तीन दुप्पट ठोके करतो आणि मापाची रेघ कुठे आहे हेच कळेनासं होतं. कधी सगळी सुरावट एक मात्रा अलीकडे-पलीकडे सरकवलेली असते आणि बराच वेळ तशीच चालते. अशा वेळी मांडीवर ताल धरू नका. धरला की तुम्ही चुकताय असं वाटत राहतं आणि सगळं लक्ष मोजण्यात जातं. ठोका जिथे सरकतो तिथे तणाव वाढतो, आणि जुळतो तिथे तो सुटतो. तेवढं अंगाला जाणवू द्या.

सा चंही तसंच. तो हलतो आणि हलणारच. त्याच्यामागे धावण्यापेक्षा सगळ्यात खालचा सूर ऐका. ब्राम्स स्वतः शिष्याची गाणी तपासताना मधला भरणा बाजूला ठेवून वरची ओळ आणि खालची ओळ पाहत असे. त्याच्या सिम्फनीही तशाच ऐकता येतात: वर एक, खाली एक, आणि मधलं हळूहळू आपोआप उमलतं.

आतापर्यंतचं धरून चाललात, तर चौथी सिम्फनी सलग ऐकण्यासारखी तयारी झाली. त्यानंतर दुसरी घ्या. डी मेजर, ओपस 73, 1877 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या व्यर्टर तलावाकाठी पोर्टशाख इथे लिहिलेली आणि त्याच 30 डिसेंबरला व्हिएन्नात हान्स रिश्टरने सादर केलेली. पहिले तीन सूर डबल बास आणि चेलो हळूच टाकतात: सा, खालचा नि, सा. मग हॉर्न गाऊ लागतो आणि सगळे हॉर्नकडे बघतात. ते तीन सूर सोडू नका. ते पुढे फ्लूटवर, ट्रॉम्बोनवर, उलटे, दुप्पट वेगाने, शेवटच्या भागाच्या पहिल्याच मापातही आहेत. हिला सगळे आनंदी, निसर्गरम्य म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या मिनिटातच टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) हळू गडगडाट आणि ट्रॉम्बोनचे काळसर स्वर येतात. एका परिचिताने त्याबद्दल विचारलं तेव्हा ब्राम्सने लिहिलं की ट्रॉम्बोनशिवाय भागवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. व्हिओला आणि चेलोंनी मिळून गायलेली दुसरी सुरावट त्याच्याच प्रसिद्ध अंगाईगीताच्या जवळची आहे. तीही ऐका आणि तिच्या मागचा मायनर रंगही. दुसरा भाग चौघांतल्या अवघड भागांपैकी एक आहे, तो पहिल्या फेरीत कळला नाही तर पुढे चला.

तिसरी, एफ मेजर, ओपस 90, 1883. सगळ्यात लहान, पस्तीस मिनिटांच्या आसपास. माझ्या मते सगळ्यात परिपूर्णही हीच, आणि तरीही सगळ्यात कमी वाजते, याचं कारण शेवटी सांगतो. पहिल्या तीन स्वरसमूहांत वरची ओळ आहे सा, कोमल ग, तार सा. लगेच व्हायोलिन शुद्ध गंधार घेऊन उतरतात आणि पाठोपाठ खाली बासमध्ये तोच कोमल गंधार वाजतो. जोग रागात दोन्ही गंधार आपण ऐकतो, पण आपापल्या जागी. इथे ते एकमेकांवर आदळतात. मेजर की मायनर, हे भांडण चारही भाग चालतं. दुसऱ्या भागात मधेच क्लॅरिनेट आणि बसून (खर्जातलं एक फुंकवाद्य) ही वाद्यं एक अडखळती, स्तोत्रासारखी ओळ वाजवतात आणि ती तिथे अर्धवट राहते. ती लक्षात ठेवा. चौथ्या भागात सुरुवातीच्या कुजबुजीनंतर ती परत येते आणि मग प्रचंड होते. एकेक भाग सुटा ऐकणाऱ्याला हे कधीच सापडत नाही, म्हणून ही सिम्फनी तुकड्यांत ऐकू नये.

पहिली शेवटी घ्या. सी मायनर, ओपस 68, 4 नोव्हेंबर 1876 रोजी कार्ल्सरूह इथे पहिला प्रयोग. टिंपनी, काँट्राबसून आणि डबल बास एकाच सी वर ठोकत राहतात, व्हायोलिन अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढतात आणि फुंकवाद्यं त्याच वेळी उतरतात. पुढच्या सगळ्या पहिल्या भागाचा कच्चा माल या प्रस्तावनेत आहे, आणि गंमत म्हणजे 1862 च्या मसुद्यात ही प्रस्तावना नव्हती. शेवटचा भाग सतरा मिनिटांचा. अंधारात चाचपडणाऱ्या छेडलेल्या तारा, मग अचानक सी मेजर आणि हॉर्नवर आल्प्समधल्या मेंढपाळी शिंगाची धून: ग, रे, सा, खालचा प. हीच धून ब्राम्सने 1868 मध्ये त्याची मैत्रीण, पियानोवादक क्लारा शूमान हिला वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून लिहून पाठवली होती. तिच्यापाठोपाठ ट्रॉम्बोन या सिम्फनीत पहिल्यांदा वाजतात. नंतर येणारी रुंद सुरावट बेथोवनच्या नवव्या सिम्फनीसारखी वाटते हे कोणालाही ऐकू येतं. तिथे अडकू नका. ती सुरावट शेवटी जिंकत नाही. कळसाच्या जागी हॉर्नची धून येते आणि अखेरच्या धावेत ट्रॉम्बोनचं स्तोत्र सगळा वाद्यवृंद कंठरवाने वाजवतो.

आता यंत्रसामग्री. फोनच्या स्पीकरवर ब्राम्स ऐकूच नका. त्यातून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, आणि वर सांगितलेली सगळी गंमत खालच्या सुरांची आहे. कान झाकणारा साधा वायरचा हेडफोन पुरतो, महाग लागत नाही. आवाज ठरवताना सुरुवातीच्या हळू मापांवरून ठरवू नका, नाहीतर तीन मिनिटांनी दचकून कमी कराल आणि नंतरचं हळू वाजवणं ऐकू येणार नाही. आधी भागातली सगळ्यात मोठी जागा लावा, ती सोसवेल इतका आवाज ठेवा आणि मग सुरुवातीपासून ऐका. अॅपमध्ये शफल, गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय आणि आवाज समान करण्याची सोय, तिन्ही बंद. शोधताना नुसतं ब्राम्स सिम्फनी न टाकता क्रमांक, ओपस आणि दिग्दर्शकाचं नाव टाका, म्हणजे सुटे भाग वेगवेगळ्या वाद्यवृंदांचे असलेल्या याद्या टळतील. एकाच भागाची लांबी दोन रेकॉर्डिंगमध्ये चार-पाच मिनिटांनी वेगळी दिसली तर लयीचा फरक असेलच असं नाही. मांडणी परत वाजवली आहे की गाळली आहे, ते आधी पाहा. दुसऱ्या सिम्फनीत एवढ्यानेच पाच मिनिटं पडतात. नव्या श्रोत्याने पुनरावृत्ती असलेलं घ्यावं. सुरावट पाठ व्हायला दुसरी संधी फुकट मिळते.

सर्वोत्तम रेकॉर्डिंग कोणतं, हा वाद मी टाळतो. कामाप्रमाणे निवडा. ओळी सुट्या ऐकायच्या तर चार्ल्स मॅकेरस आणि स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रा घ्या. ब्राम्सला आवडणारा माइनिंगेनचा वाद्यवृंदही पन्नासाच्या आतबाहेर वादकांचाच होता, त्या मापाचं हे वाजवणं आहे. पहिले आणि दुसरे व्हायोलिन डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर बसवल्यामुळे हेडफोनवर त्यांचे सवालजवाब स्पष्ट कळतात. ऑटो क्लेम्पररची फिलहार्मोनियाबरोबरची 1950 च्या दशकातली मुद्रणंही तशीच बैठक ठेवतात. लय संथ आणि ठाम, फुंकवाद्यं पुढे. चौथीसाठी कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक, 1980 चं मुद्रण. त्यातला ताण विलक्षण आहे, आवाज मात्र काहींना जरा टोकदार वाटतो. क्लायबरचीच दुसरी सिम्फनी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहातल्या 1991 च्या मैफलीच्या चित्रफितीत आहे. कोणतं वाद्य कधी वाजतं हे डोळ्यांनी जुळवायला ती छान. पण एकदा पाहून झाली की डोळे मिटून ऐका, नाहीतर लक्ष त्याच्या हातांकडेच राहतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने एका सिम्फनीचं एकच रेकॉर्डिंग धरा. तुलना नंतर.

स्टाफ नोटेशन शिकायची सक्ती नाही. सूर वाचता येत नसले तरी छापील स्वरलिपी नकाशासारखी वापरता येते: वर फुंकवाद्यं, खाली तंतुवाद्यं, सगळ्यात तळाशी डबल बास, आणि काळे ठिपके जिथे दाट तिथे गर्दी. ब्राम्स 1897 मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या जुन्या छापील प्रती इंटरनेटवर आयएमएसएलपी संग्रहात फुकट मिळतात. चौथीच्या शेवटच्या भागाची प्रत उतरवून घ्या आणि दर आठ मापांवर पेन्सिलीने खूण करा. एका संध्याकाळचं काम आहे. याहून उपयोगी युक्ती म्हणजे ब्राम्सने स्वतः केलेल्या दोन पियानोवादकांसाठीच्या आवृत्त्या ऐकणं. चारही सिम्फनींच्या त्या आहेत आणि त्यांची रेकॉर्डिंगही मिळतात. वाद्यांचे रंग गेल्यामुळे सांगाडा उघडा पडतो, आणि ज्या भागात धागा वारंवार सुटतो तिथे दोनदा पियानोवर ऐकून मग वाद्यवृंदाकडे परतलं की बहुतेक वेळा तो सुटत नाही.

प्रत्यक्ष मैफल जमली तर सोडू नका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात. कार्यक्रमपत्रिकेत ब्राम्स दिसला तर आधीचे दोन आठवडे फक्त तीच सिम्फनी ऐका. अगदी पुढच्या रांगेत बसू नका, तिथे व्हायोलिनच ऐकू येतात आणि मागचे हॉर्न आणि ट्रॉम्बोन त्यांच्यावरून निघून जातात. मधल्या किंवा बाल्कनीच्या पुढच्या रांगा ब्राम्ससाठी बऱ्या. भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. आणि तिसरी सिम्फनी असेल तर शेवटाकडे विशेष लक्ष द्या: तिचे चारही भाग हळू आवाजात संपतात, शेवटचाही. तो दणका मिळत नाही म्हणून आयोजक ती कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवायला बिचकतात, आणि म्हणूनच ती कमी वाजते. अगदी शेवटी व्हायोलिन अंगभर थरथरत पहिल्या मापातली ती उतरती ओळ हळूच खाली आणतात, या वेळी भांडण मिटलेलं, मेजरमध्ये. दिग्दर्शकाचे हात खाली येईपर्यंत टाळीसाठी हात उचलू नका.